गारदी हे आपलं चारित्र्य प्रमाणपत्र नाही

माझी भाची सातवीत आहे. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ती आमच्या वाकोल्याच्या घरी आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि चप्पल काढता काढताच विचारलं, “मामू, पानिपतात आपण कुठल्या बाजूला होतो?”

वर्गात पानिपतचा धडा झाला होता. मधल्या सुट्टीत बाकावरचा मुलगा तिला म्हणाला होता, “तुमच्या अब्दालीने आमच्या भाऊंना मारलं.” मुलगा काही वाईट नाही. दोघं एकमेकांच्या डब्यातलं खातात. त्याने घरात किंवा मोबाइलवर ऐकलेलं वाक्य पुढे ढकललं, एवढंच.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आपल्या सगळ्यांकडेच ते तयार असतं. मी म्हटलं, “त्याला सांग, भाऊसाहेबांचा तोफखाना इब्राहिमखान गारदीकडे होता. तो शेवटपर्यंत लढला आणि अब्दालीनेच त्याला मारलं.” पोरगी खूश झाली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिने ते सांगितलंही. संध्याकाळी परत आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. “तो म्हणतो, तो एक चांगला होता. मग बाकीचे?”

बारा वर्षांच्या मुलाने एका वाक्यात माझं उत्तर निकामी केलं. मी तिच्या हातात जे दिलं होतं तो इतिहास नव्हता, ते चारित्र्य प्रमाणपत्र होतं. आणि प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: हे एकाचं झालं, बाकीच्यांची कागदपत्रं कुठे आहेत?

हा लेख त्याबद्दल आहे. तोफांच्या इतिहासाबद्दल आहे आणि आपण त्या इतिहासाचं काय करून ठेवलंय, त्याबद्दल आहे.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना शिवजयंतीसाठी मी एक पोस्टर बनवलं होतं. महाराजांच्या सैन्यातल्या मुसलमानांची यादी. वर मोठ्या अक्षरात ‘तोफखान्याचा प्रमुख इब्राहिम खान’ आणि खाली दाढीवाल्या, बंदूकधारी गारद्याचं इंटरनेटवरून उचललेलं चित्र. ते पोस्टर तीन दिवस लागलेलं होतं. एका मित्राचे वडील इतिहासाचे शिक्षक. त्यांनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, “बाळा, महाराज गेले १६८० साली. पानिपत झालं १७६१ साली. मधली ८१ वर्षं तुझा हा गारदी कुठे होता?”

मी दोन माणसं एकमेकांत मिसळून टाकली होती. महाराजांच्या काळातल्या त्या नावाला कुठल्या कागदाचा आधार आहे, हेही मी शोधलं नव्हतं. कारण मला इतिहास नकोच होता. मला शिक्का हवा होता. नाव मुसलमानाचं आणि बाजू मराठ्यांची, एवढं जुळलं की माझं काम झालं होतं. आजही अशी पोस्टरं दर फेब्रुवारीत माझ्या मोबाइलवर येतात. पाठवणारी आपलीच पोरं असतात, आणि त्यांचा हेतू चांगला असतो. माझाही चांगलाच होता.

आता हे प्रमाणपत्र चालतं कसं, ते पानिपतच्याच मैदानावर तपासू.

१४ जानेवारी १७६१. सदाशिवरावभाऊंच्या फौजेच्या डाव्या बगलेला इब्राहिमखानाचं आठ-नऊ हजारांचं कवायती पायदळ आणि तोफा. हा माणूस फ्रेंच सेनापती बुसीच्या तालमीत तयार झालेला. ‘गारदी’ हा शब्दही फ्रेंचांच्या ‘गार्द’वरून आलेला. आधी निजामाच्या नोकरीत, मग भाऊंच्या. १७६० च्या सुरुवातीला उदगीरला निजामाचा पराभव झाला, त्यात याच्या तोफांचा वाटा मोठा. पानिपतात त्याच्या लोकांनी समोरच्या रोहिल्यांची फळी कापत नेली. रोहिलेही मुसलमानच. दिवस संपताना त्याची बहुतेक पलटण मेलेली होती. तो जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला.

यात आपल्याला गुण मिळाले, असं समजू. पण वही तपासायलाच बसलो तर पूर्ण तपासायला हवी. अब्दालीच्या बाजूला नजीबखान होता, शुजाउद्दौला होता. म्हणजे आपले गुण वजा. आता त्याच शुजाच्या छावणीत जरा डोकवा. पानिपतचा सर्वांत गाजलेला प्रत्यक्षदर्शी वृत्तांत लिहिणारा काशीराज पंडित तिथे बसलेला आहे. दख्खनी ब्राह्मण, शुजाच्या नोकरीत. तिथेच अनूपगीर गोसावी आहे, आपल्या नागा गोसाव्यांची फौज घेऊन. तीही शुजाचीच, म्हणजे त्या दिवशी अब्दालीच्या बाजूची.

काशीराज पंडिताबद्दल आजवर कुठल्या ब्राह्मण मुलाला मधल्या सुट्टीत कुणी जाब विचारलाय? अनूपगीरबद्दल कुठल्या गोसाव्याला? विचारूही नये. तो मूर्खपणा होईल. काशीराज आपल्या धन्याचं मीठ खात होता आणि त्याने डोळ्यांनी पाहिलं ते लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला त्या दिवसाचं इतकं कळतं. मुद्दा एवढाच, की ही परीक्षा एकाच समाजाची घेतली जाते. आणि आपण ‘आम्हाला परीक्षेलाच का बसवताय’ हे विचारायच्या ऐवजी गारदी नावाचं गाइड घेऊन पेपर सोडवायला धावतो.

बरं, पानिपतनंतर बारा वर्षांनी काय झालं? ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारेकरी कोण? गारदीच. म्हणून तर मराठीत ‘गारदी’ म्हटलं की लोकांना पानिपत आठवत नाही, ‘काका, मला वाचवा’ आठवतं. त्या गारद्यांच्या म्होरक्यांत सुमेरसिंग होता, खरगसिंग होता, महंमद युसूफही होता. आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवलं ते रघुनाथरावांना. आता सांगा, १७६१ चे गुण घ्यायचे तर १७७३ चे किती वजा करायचे? सुमेरसिंगाचे कुणाच्या खात्यावर टाकायचे? ही सगळी वहीच चुकीची आहे. तिच्यात बेरीज करणारा जितका फसलेला, तितकाच वजाबाकी करणाराही.

आपण या बेरजेत गुंतलो की मूळ माणूसच हरवतो. काशीराजाच्या वृत्तांतात एक प्रसंग आहे. लढाईच्या तोंडावर इब्राहिमखान भाऊंकडे जातो. त्याच्या बोलण्याचा आशय असा: माझ्या लोकांचा पगार दरमहा रोख मिळावा म्हणून मी हट्ट धरायचो, त्यावरून तुम्ही माझ्यावर नाराज व्हायचात, आज तो पगार आम्ही कमावला की नाही, ते पाहा. हे वाचलं तेव्हा मला तो पहिल्यांदा खरा वाटला. आपल्या टीमचा पगार वेळेवर व्हावा म्हणून वरच्यांशी भांडणारा, आणि काम आलं की दिलेला शब्द पाळणारा. यात कुठे कौम सिद्ध करण्याचा आव आहे? करार होता, तो त्याने पाळला. पोस्टरवर आपण त्याला ‘निष्ठावंत मुसलमान’ करून टाकतो तेव्हा त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा गुण पुसून टाकतो.

आणि पानिपतात तोफांचं काय झालं, हे तर कुणी विचारतच नाही. मराठ्यांच्या मोठ्या तोफा जड होत्या. एकदा रोखल्यावर त्यांचा कोन पटकन बदलता येत नव्हता, त्यामुळे शत्रू जवळ आला की गोळे डोक्यावरून जायला लागले. गारदी संगिनी घेऊन पुढे घुसले तेव्हा आपल्याच माणसांना लागेल म्हणून त्यांच्या मागच्या तोफांना गप्प बसावं लागलं. समोर अब्दालीकडे उंटांवर बसवलेले जंबुरे होते. हलकी, फिरती तोफ. उंट बसला की ती लागू आणि उठला की पुढे. शिवाय मराठ्यांची रसद कित्येक आठवडे तुटलेली. माणसं आणि जनावरं उपाशी. हार-जीतची कारणं वजन, कोन, वेग आणि भाकरी यांत आहेत. मजहबात शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही.

माझं आजोळ परांड्याकडचं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत नानीकडे गेलो की आम्ही पोरं परांड्याच्या किल्ल्यात जायचो, तापलेल्या तोफांवर बसायचो आणि चटका बसला की उड्या मारायचो. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, की जगातल्या मोठ्या तोफांपैकी एक कधीकाळी याच किल्ल्यात होती. तिचं नाव मलिक-ए-मैदान. मराठीत आपण तिला मुलुखमैदान म्हणतो. एखाद्याचं तोंड जास्त चालत असेल तर आपण ‘मुलुखमैदान तोफ सुटली’ म्हणतो, ती हीच. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे.

ही तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. ओतणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरलेलं आहे: मुहम्मद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलुखातला. आजच्या भाषेत, बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ. आमच्या धंद्यात लोक मुंबईहून ऑनसाइटला जातात, तेव्हा कारागीर इस्तंबूलकडून दख्खनला यायचे. तोफेची लांबी साधारण साडेचौदा फूट, नळीचं तोंड सव्वादोन फुटांच्या वर, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा, आणि जबड्यात चिरडला जाणारा हत्ती.

५५ टन कांसं एका ठिकाणी ओतायचं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. मातीचा साचा, आत नळीच्या पोकळीसाठी मातीचाच गाभा, भोवती भट्ट्या. सगळ्या भट्ट्यांमधलं तांबं आणि कथील वितळून तयार असायला हवं, कारण ओत मध्येच थांबला तर सांधा पडणार. आणि सांधा पडलेली तोफ पहिल्या बारालाच फुटून आपल्याच गोलंदाजांना मारणार. साच्यात ओल राहिली तर वाफ धरून धातू उसळणार. एवढं जमवायला एकटा रूमी पुरत नाही. तांबट लागतात, कुंभार लागतात, लोहार, कोळसा पाडणारे, भाते ओढणारे, मोळ्या वाहणारे लागतात. हे सगळे काय इस्तंबूलहून आले होते? ते नगरच्या आसपासचेच होते. त्यांची नावं मात्र तोफेवर नाहीत. नगरात आजही एका पेठेचं नाव तोफखाना आहे.

आता या तोफेचे मालक मोजा. आधी निजामशाही. मग परांड्याहून ती आदिलशाहीच्या विजापुरात गेली. नेणारा होता मुरारपंत, आदिलशहाचा ब्राह्मण सरदार. शेकडो बैल आणि हत्ती जुंपून नेली, असं सांगतात. १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि आपल्या विजयाचा लेख या तोफेवर कोरला. त्याने हरवलं कुणाला? सिकंदर आदिलशहाला. म्हणजे मुसलमान सुलतानाने बनवलेली तोफ, ब्राह्मण सरदाराने दुसऱ्या मुसलमान सुलतानाकडे नेली आणि तिसऱ्या मुसलमान बादशहाने तिच्यावर आपलं नाव टाकलं. यात ‘आपली बाजू’ कुठली?

शेवट तर आणखी मासलेवाईक आहे. १८५४ साली साताऱ्याच्या इंग्रज कमिशनरने विजापुरातलं निरुपयोगी भंगार लिलावात काढायचा हुकूम दिला. त्यात ही तोफही आली. सर्वांत वरची बोली लागली १५० रुपये. एवढ्या वस्तूला एवढीच किंमत बघून तिथल्या एका अधिकाऱ्याने वर कळवलं आणि लिलाव रद्द झाला, म्हणून ती आज दिसते. तीन सत्तांनी जिच्यावर मालकी सांगितली, ती १५० रुपयांना भंगारात जाणार होती. आणि आपण व्हॉट्सअॅपवर भांडतोय, तोफ कुणाच्या बापाची.

उखळी तोफेची गोष्ट यापेक्षा बोलकी आहे. साधी तोफ समोर मारते, भिंतीवर. उखळी तोफ म्हणजे आखूड, जाड, आकाशाकडे तोंड केलेली. ती गोळा भिंतीवरून पलीकडे टाकते, आणि तो गोळा पोकळ, दारू भरलेला असतो, आत पडून फुटतो. म्हणजे तुमचा तट कितीही भक्कम असो, तो डोक्यावर छप्पर धरत नाही.

१६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. आत शिवाजी महाराज. तेव्हा राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन आपली उखळी तोफ आणि गोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला आला, आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर मारा केला. त्याचं महाराजांशी काय वैर होतं? काहीच नाही. त्याला विजापूरकडून धंद्याची आशा होती. आणि वेढा फोडायला बाहेरून नेताजी पालकरांबरोबर कोण आलं? सिद्दी हिलाल. वेढा घालणाराही सिद्दी, फोडायला येणाराही सिद्दी. महाराजांनी याचा हिशेब धर्म बघून केला नाही. १६६१ मध्ये त्यांनी राजापूरची वखार लुटली आणि रेव्हिंग्टनला साथीदारांसकट कैद केलं. तोफ कुणी विकली आणि कुणी डागली, हे त्यांना बरोबर कळलं होतं. पुढे स्वतः तोफा घ्यायची वेळ आली तेव्हा ते याच टोपीकरांशी सौदेही करत राहिले, कारण आपल्याकडे चांगल्या तोफा पुरेशा ओतल्या जात नाहीत, हेही त्यांना कळलं होतं.

१८१८ च्या मे महिन्यात हिशेब उलटा फिरला. इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवून रायगडावर मारा केला. उखळी गोळ्यांनी गडावर आग लागली, वाडा जळाला आणि १० मेला गड पडला. गडावरच्या पेशव्यांच्या शिबंदीत अरब शिपाई होते. खालून चढलेल्या कंपनीच्या पलटणीत आपल्याच मुलुखातले हिंदू-मुसलमान शिपाई होते. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांची एक उखळी तोफ भाड्याने आली होती, ते आता मालक झाले होते. मधल्या काळात इथल्या राजांनी तोफा खूप विकत घेतल्या, परके गोलंदाज पगारावर ठेवले. पण ओतायची, मोजायची, नेमाने शिकवायची विद्या इथे रुजवायला फार उशीर केला.

जिथे ती रुजवली, तिथे काय झालं ते असईला दिसतं. जालना जिल्ह्यातलं गाव. महादजी शिंद्यांनी आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना घातला होता, कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या. २३ सप्टेंबर १८०३ ला असईत याच तोफांसमोर वेलस्ली उभा होता, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणार होता. त्या दिवशी त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांच्या नोकरीतले बरेच गोरे अधिकारी लढाईआधीच कंपनीच्या आश्वासनावर निघून गेले होते. गोलंदाज गेले नाहीत. ते तोफेपाशी संगिनी खाऊन मेले. काही मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी त्याच तोफा मागून त्यांच्यावर वळवल्या.

त्या गोलंदाजांत एकाचंही नाव तुम्हाला किंवा मला माहीत नाही. त्यांच्यात कोण हिंदू, कोण मुसलमान, याची यादी कुठल्या पोस्टरवर येणार नाही, कारण त्यांच्यात सरदार नव्हता. पण ‘आपण कुठल्या बाजूला होतो’ या प्रश्नाचं माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उत्तर तिथे आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज ना अब्दाली होते, ना निजामशहा. ते भाते ओढत होते, बैल हाकत होते, दारू कुटत होते, तोफ पुसत होते. त्यांच्या शेजारी तेच काम करणारा माणूस दुसऱ्या मजहबाचा होता, आणि तोफ फुटली तर दोघं एकदमच मरणार होते. गोलंदाज, शिकलगार ही आडनावं आजही आपल्यात आहेत. क्रिकेटचं समालोचन ऐकताना ‘गोलंदाज धावत येतोय’ हे आपण सगळे एका सुरात म्हणतो. हा शब्द तोफ डागणाऱ्याचा होता. आमच्या सांताक्रूझ पूर्वेला तर आख्ख्या वस्तीचंच नाव गोळीबार आहे. लष्कराच्या सरावाच्या मैदानावरून पडलेलं. तिथे राहणारा माणूस ‘मी गोळीबारला राहतो’ म्हणतो तेव्हा कुणी त्याला विचारत नाही, की तू बंदुकीच्या पुढे होतास की मागे.

यावर माझ्याच वयाचा एक दोस्त म्हणाला, “तुला लेख लिहायला ठीक आहे. माझ्या पोराला वर्गात टोमणे बसतात, तेव्हा त्याच्या हातात काहीतरी द्यायला नको? गारदी खोटा आहे का?”

खोटा अजिबात नाही. दर्यासारंग, दौलतखान, सिद्दी हिलाल, कुणीच खोटं नाही. त्यांच्याबद्दल आपल्या मुलांना कळलंच पाहिजे. पण कधी आणि कसं सांगतो, यावर बरंच काही आहे. शांत वेळी, जेवताना, किल्ल्यावर फिरताना सांगितलं तर तो इतिहास. कुणी आरोप केल्यावर घाईघाईने खिशातून काढलं तर तो जामीन. जामीन मागणारा स्वतःला आरोपी मानूनच उभा असतो. मूल हे फार लवकर शिकतं. माझी भाची एका दिवसात शिकली.

दोस्ताचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता. तो म्हणाला, “समोरचा काही तर्काने बोलत नाही. त्याला काशीराज पंडित सांगून काय होणार?” खरं आहे. द्वेष विकणाऱ्याला काहीच होणार नाही. पण बाकावरचा तो मुलगा द्वेष विकत नव्हता. त्याने एक ऐकलेलं वाक्य टाकलं होतं आणि उत्तराची वाट बघत होता. मी त्याला त्याच्याच खेळातलं एक पान उलट टाकलं. त्यापेक्षा मी भाचीला एक प्रश्न दिला असता, की ‘अब्दालीच्या छावणीत गोसावी काय करत होते रे, आपण दोघं शोधू या का?’, तर दोघांनी मिळून काहीतरी शोधलं तरी असतं.

आणि नागरिकत्वाचं म्हणाल, तर त्याची कागदपत्रं पानिपतात नाहीत. संविधानाचं पाचवं कलम उघडा. संविधान लागू झालं तेव्हा ज्याचं कायमचं घर भारतात होतं, आणि ज्याचा जन्म इथे झाला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एकाचा इथे झाला, किंवा जो आधीची किमान पाच वर्षं इथे राहत होता, तो नागरिक. तुमचे पूर्वज १७६१ ला कुणाच्या तंबूत होते, हा रकाना त्यात नाही. ज्यांनी ते लिहिलं त्यांना पानिपत माहीत नव्हतं, असं नाही. तो रकाना न ठेवण्याचं शहाणपण त्यांच्याकडे होतं. तो आपण स्वतःच्या हाताने कशाला भरायचा?

म्हणून तुमच्याकडे, विशेषतः विशी-तिशीतल्या तुमच्याकडे, माझं मागणं साधं आहे. येत्या शिवजयंतीला मुसलमान सरदारांची यादी फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी तपासा: साल कुठलं, मूळ कागद कुठला, आणि हे मी आत्ता कुणाच्या भीतीने पाठवतोय. तिसऱ्याचं उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असेल तर खुशाल पाठवा.

दुसरं, आपल्यातल्या काहींनी मोडी शिका, काहींनी फारसी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात कागदांचे ढीग आहेत. ते वाचणारे हात कमी पडतात. आपल्या घरांत उर्दू येते, मराठी येते. म्हणजे दोन्ही दारांच्या अर्ध्या किल्ल्या आपल्याकडे आधीच आहेत. मी स्वतः मोडीचा क्लास लावलाय. माझं मोडी अजून लहान मुलासारखं आहे, पण ‘तोफ’ आणि ‘बारूद’ ओळखता येतं.

तिसरं, सुट्टीत पोरांना किल्ल्यांवर न्या. परांडा, नळदुर्ग, दौलताबाद, जंजिरा. तोफेला हात लावू द्या. ही कुणी ओतली असेल, एवढी वर कशी चढवली असेल, बैलांना काय खायला घातलं असेल, हे त्यांनाच विचारू द्या. मुलं हे प्रश्न आपोआप विचारतात. ‘आपली की त्यांची’ हा प्रश्न त्यांना मोठ्यांनी शिकवावा लागतो.

गेल्या रविवारी भाची परत आली. मी तिला म्हटलं, मी तुला त्या दिवशी अर्धवट उत्तर दिलं होतं. मग तिला पगाराची गोष्ट सांगितली, उंटावरच्या जंबुऱ्यांची सांगितली, काशीराज पंडिताची सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, “ते ठीक आहे मामू, पण आपण कुठल्या बाजूला होतो?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही. तुझ्या बाकावरच्या मुलालाही त्याचं माहीत नसणार. उद्या त्याला विचारून बघ.”

तिने विचारलं. त्याने घरी जाऊन आजोबांना विचारलं. आजोबांनाही माहीत नव्हतं. आता दोघांना परांड्याला यायचंय.